फरशीची चमक उतरवताना

कतारगाममधल्या त्या बंगल्याची फरशी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, हिला कीड लागली आहे. दगडभर बारीक भोकं होती. काही टाचणीच्या डोक्याएवढी, तर काहींत करंगळीचं टोक सहज जाईल अशी. वर्षानुवर्षांचा केर बसून भोकं काळी पडली होती. मधला दगड मात्र सायीच्या रंगाचा होता आणि त्यात फिकट तपकिरी पट्टे होते, तापीच्या काठाला पाणी ओसरल्यावर वाळूवर राहतात तसे.

"ही फरशी शे का चाळणी?" मी आमच्या ह्यांच्या कानाशी म्हणाले.

ठेकेदाराने ऐकलं आणि तो हसला. "ट्रॅव्हर्टाइन म्हणतात याला. सेठ परदेशात हिऱ्यांच्या कामाला गेले होते, तिकडे पाहून मागवलाय. भोकं जन्माचीच आहेत. ती भरायची, दगड घासायचा आणि वरून सीलर मारायचा. सगाईच्या आत सगळं झालं पाहिजे."

सगाई सेठच्या मुलीची होती. ते घर सौराष्ट्रातून आलेलं. सेठ, त्यांची बायको, एकुलती मुलगी आणि सेठची आई. सेठच्या बायकोला मी भाभी म्हणायचे. आईला सगळे बा म्हणत, तशी मीही म्हणू लागले.

आम्ही खानदेशातले, अमळनेरच्या बाजूचे. हे सुरतेला आले ते लूमवर. लूमच्या खडखडाटाने एका कानाने कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा गावाकडच्या एकाने त्यांना फरशी पॉलिशच्या कामाला लावलं. मशीनचा आवाज तिथेही होता, पण लूमसारखा रात्रंदिवस नव्हता. लिंबायतच्या खोलीत एकटी बसून मला कंटाळा यायचा, म्हणून मी डबा घेऊन त्यांच्याबरोबर जाऊ लागले आणि हळूहळू कामाला हात लावू लागले. मशीन जिथे पोचत नाही ते कोपरे हाताने घासणं, घासल्यावर निघणारा दुधासारखा राडा ओढून काढणं, भेगा भरणं, ही माझी कामं. प्लेगनंतर सुरतेने स्वतःला धुऊन पुसून घेतलं होतं आणि ज्याच्या हातात चार पैसे होते त्याला आपलं घर आरशासारखं लख्ख हवं होतं. कुठेही गेलं तरी एकच बोलणं असायचं, फरशीत तोंड दिसलं पाहिजे.

या बंगल्यातल्या दगडाचे बरेच हाल झाले होते. स्वयंपाकघराच्या दाराशी तेल आणि हळद आत मुरली होती. पाण्याच्या माठांखाली पांढरा क्षार धरला होता. कुणीतरी लिंबू कापून खाली ठेवलं असणार, तिथे गोल चट्टे पडले होते. आणि कधीतरी एका गड्याने डाग जावा म्हणून हॉलच्या एका बाजूला ॲसिड ओतलं होतं. तिथला दगड विटलेल्या कापडासारखा झाला होता, हात फिरवला की खरखर लागायचा.

मी गुडघ्यांवर बसून एकेक भोक साफ करायला घेतलं. जुना टूथब्रश, पोत्याची सुई आणि पाणी. केर निघाला की ती जागा वाळू द्यायची आणि मग लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, भरायची. पहिल्या दिवशी आम्ही नुसत्या पांढऱ्या सिमेंटची लांबी भरली. ती वाळली आणि फरशीवर कुणीतरी कुरमुरे सांडल्यासारखी दिसायला लागली. सगळी उकरून काढावी लागली. मग ह्यांनी त्याच दगडाचा भुगा चाळून त्यात मिसळला, चिमूटभर पिवडी टाकली, आणि रंग जुळला.

बा रोज माझ्याजवळ एक पाट घेऊन बसायच्या. हातात माळ असायची, पण लक्ष माझ्या सुईकडे.

"अहीं रही गयुं," त्या बोट दाखवायच्या, आणि खरंच तिथे एक भोक राहिलेलं असायचं.

मला गुजराती समजायचं, बोलताना मात्र माझी मराठी, हिंदी, गुजराती सगळी एकत्र व्हायची. बांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या गावाकडच्या घराला शेणाने सारवलेली जमीन होती, ती त्या स्वतः सारवायच्या. मी म्हणाले, आमच्याकडेही तसंच. मग आमचं सारवण्यावरून बोलणं सुरू झालं. शेणात माती किती घालायची, बोटांची नक्षी कशी उमटवायची. त्या म्हणाल्या, मुलाने हा दगड आणला तेव्हा मला आवडला नव्हता, पण पायाला बरा वाटला. जमिनीसारखा जरा खडबडीत आहे. स्वयंपाकघर आलं की पायाला कळतं, आणि बाहेरचं दार आलं की गार लागतं. त्या घरात कधी चप्पल घालत नसत. सकाळी आंघोळ झाली की ओल्या पायांनीच हॉल ओलांडून देवघरात जायच्या.

भोकं भरून झाल्यावर मशीन लावलं. मशीनखालच्या घासायच्या जाड बट्टीपासून सुरुवात करून बारीक बट्टीपर्यंत येत गेलो. डाग बरेचसे गेले, ॲसिडची खरखर गेली. पट्टे असे उठून आले की भाभी स्वयंपाकघरातून येऊन बघत उभ्या राहायच्या. सेठना मात्र अजून हवी होती. म्हणाले, "हजी चमक जोईए."

ठेकेदाराने मुंबईहून सीलरचे डबे आणले. हा सीलर दगडावर काचेसारखा थर धरायचा. जुन्या धोतराच्या फडक्याने मी तो फरशीला लावला. वासाने डोकं भणभणत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. पण वाळल्यावर मी दारातून वळून बघितलं, तर छताचा पंखा खाली फरशीत फिरत होता. मला इतका आनंद झाला की मी ह्यांना हाताला धरून ओढत आणलं. आमच्या हातून इतकं चांगलं काम आधी कधी झालं नव्हतं.

बा खोलीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला.

"लपसणुं तो नहि थाय ने, बेटा?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो बा," मी म्हणाले. "कशाने घसरेल? हे बघा." आणि मी हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरभर चालत गेले आणि परत आले. माझ्या टाचा भेगाळलेल्या, तळव्यांना दगडाचा भुगा लागलेला, पाय ठणठणीत कोरडे. मी घसरले असते तरच नवल.

बा हसल्या आणि आत आल्या.

आम्ही सामान बांधून निघालो. सगाई थाटात झाली असं ठेकेदार सांगत होता. पाहुण्यांनी फरशीबद्दल विचारलं, त्याला त्यातून आणखी कामं मिळणार होती. आम्ही कडोदऱ्याला एका कारखानदाराच्या घरी नव्या कामावर लागलो होतो. तिथेच एक दिवस ठेकेदार स्कूटरवरून उतरला आणि ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी बोलला. ह्यांचा चेहरा उतरलेला मी लांबूनच पाहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कतारगामवाल्या बा पडन्यात," हे म्हणाले. "आंघोळ करीसन देवघरात जाई ऱ्हायन्या व्हत्या. खुब्याचं हाड मोडनं. ऑपरेशन झालं."

ठेकेदार घाईने म्हणाला, "म्हातारं माणूस आहे, पडायचंच. सेठ आपल्याला काही बोलले नाहीत. पण तुम्ही आता तिकडे फिरकू नका. गेलात की आपलीच चूक होती असं होईल."

त्या दिवशी मी पुढे काम केलं की नाही ते मला आठवत नाही. घरी येऊन भाकरी टाकल्या आणि खाल्ल्या नाहीत हे आठवतं. हे म्हणाले, "आपला काय दोष शे त्यामा? सेठनी चमक मांगी, आपण दिन्ही."

बरोबर होतं त्यांचं. पण त्यांना बांनी विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. आणि मी त्यांना चालून दाखवलं होतं. डोळे मिटले की मला माझेच पाय दिसायचे, त्या फरशीवरून ठसक्यात चालणारे. बांनी माझ्या शब्दावर पाय टाकला, हे एवढंच मनात फिरत राहायचं. मी शेजारणीशी बोलायचं टाळलं. शेवटी एका सकाळी ह्यांना सांगितलं, "मी जाऊन येते. तुम्ही चाला नाहीतर नका चालू."

हे आले नाहीत. मी एकटी गेले. रिक्षातून उतरून बंगल्याच्या फाटकातून आत शिरले. आत काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण भाभींनी दार उघडलं आणि मला बघून त्याच रडायला लागल्या. मी उंबऱ्यातच उभी राहिले. मला वाटलं, आता ह्या मला बोलणार. बोलल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

"मी पायपुसणी काढून ठेवली होती," भाभी म्हणाल्या. "फरशी झाकली जाते म्हणून. न्हाणीच्या दारातलंसुद्धा काढलं. ते तिथे असतं तर बांचे पाय कोरडे झाले असते."

मी म्हणाले, "भाभी, बांनी मला विचारलं होतं. मी घसरणार नाही म्हटलं होतं."

त्यांनी ते ऐकलंच नाही बहुतेक. त्या आपल्या पायपुसण्याबद्दलच बोलत राहिल्या. तेवढ्यात मुलगी आली. तिचं म्हणणं, माझी सगाई नसती तर हे सगळं झालंच नसतं. सेठ सोफ्यावर बसले होते. मी नमस्कार केला, तर ते खाली बघत म्हणाले, "चमक मी मागितली होती." एवढं बोलून उठले आणि बाहेर निघून गेले. हॉलभर गालिचे टाकलेले होते, एकमेकांवर चढवून. आमची फरशी कुठेच दिसत नव्हती.

त्या घरात येताना मी सगळा दोष पदरात बांधून आणला होता, आणि तिथे तो घ्यायला कुणी मोकळंच नव्हतं. प्रत्येकाजवळ स्वतःचा होता.

बा आतल्या खोलीत पलंगावर होत्या. गाल बसले होते, केस विस्कटलेले. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही आला नाही.

"आवी गई तुंय रडवा?" त्या म्हणाल्या.

मी खरंच रडायच्या बेतात होते. तशीच थांबले.

"इथे रोज सगळे रडतात," बा म्हणाल्या. "मुलगा येतो, पायाशी बसतो, रडतो. सून येते, रडते. नात रडते. हात लावायला मात्र सगळे घाबरतात, दुखेल म्हणून. पाठ जळतेय माझी. तुला येतं का? मने पडखुं फेरव."

मला येत होतं. माझ्या सासूबाई बरेच महिने अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं मीच केलेलं. मी दोन गुडघ्यांच्या मधे उशी घातली, पाठीखाली हात घातला आणि बांना हळूच कुशीवर वळवलं. त्या कण्हल्या, मग सुटकेचा श्वास सोडला. पाठ लाल झाली होती. मी पावडर लावली, केस विंचरून दिले.

मी रोज जायला लागले. काम आटोपलं की कडोदऱ्याहून परस्पर कतारगाम गाठायचं. भाभींना मी कूस कशी वळवायची ते दाखवलं, तरी जायची. बांचे पाय चोळायची, त्यांची चादर बदलायची, नखं काढायची. घरी स्वयंपाकाला उशीर व्हायचा, हे चिडायचे. मी म्हणायची, तुमच्या आईचं केलं तेव्हा चालत होतं. खरं सांगायचं तर बांजवळ असले की मला बरं वाटायचं, निघाले की पुन्हा तेच सुरू व्हायचं.

एक दिवस मी त्यांच्या तळव्यांना तेल लावत होते. बा बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

"आ तुं मारा हाटु करे छे के तारा हाटु?" त्यांनी विचारलं. माझ्यासाठी करतेस की तुझ्यासाठी?

आवाजात राग नव्हता. माझे हात थांबले. मी तेलाची वाटी उचलून ठेवली आणि लवकर निघाले.

हॉलमधून जाताना एक गालिचा पायात आला आणि मी धडपडले. पडले नाही, भिंतीला हात टेकला. गालिच्याची कड दुमडली होती आणि त्याखाली ती फरशी लखलखत होती. बा उद्या उठल्या, काठी घेऊन चालायला लागल्या, तर त्यांना चालायचं होतं ते ह्या गालिच्यांवरून आणि ह्या काचेवरून. तळवे चोळून त्यात काय फरक पडणार होता?

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "आख्खी फरशी परत घासनी पडी. चमक काढी टाकूत."

"कोन्ही सांगं तुले?"

"कोणी नाही. आपणच विचारू."

ह्यांनी डोकं धरलं. सीलर काढायचा म्हणजे तो विरघळवायचं दुसरं औषध आणायचं, खरवडायचं, मग सगळा हॉल पुन्हा पाण्यात. शिवाय आपण जाऊन सांगायचं की आमचंच काम आम्ही मोडतो. ठेकेदार पुन्हा उभं करणार नाही. हे बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. मग मी त्यांना ते सांगितलं जे तोवर कुणालाही नीट सांगितलं नव्हतं. बांनी कसं विचारलं, पाय कसा मागे घेतला, आणि मी कसं चालून दाखवलं.

"चाल, सकायले जाऊत," हे म्हणाले.

आम्ही दोघं सेठपुढे उभे राहिलो. ह्यांनी सांगितलं, चमक उतरवून देतो, दगड गुळगुळीत राहील पण निसरडा राहणार नाही. सेठ म्हणाले, "आता काय उपयोग? बा तर पलंगावर आहे." मग गालिच्यांकडे बघत म्हणाले, "पण काढाच. मला ती बघवत नाही."

ठेकेदार चिडला, ह्यांच्याशी भांडला, आणि तरीही दोन दिवसांनी स्वतःच डबे घेऊन आला. त्याने मुंबईच्या दुकानदाराला विचारून दुसऱ्या जातीचा सीलर आणला होता. हा दगडावर थर धरत नाही, आत मुरतो. "आधीच हा घ्यायला पाहिजे होता," तो डबे उतरवत पुटपुटला. म्हणजे त्याच्याही मनाला ते लागून होतंच.

काम जिकिरीचं झालं. औषध लावलं की वरचा थर सुरकुतायचा, दुधावरच्या सायीसारखा. तो आम्ही पत्र्याने खरवडून काढायचो. मी भरलेली लांबी काही ठिकाणी त्याबरोबर निघून आली, तिथे पुन्हा भरली. मग मशीन फिरलं. मधल्या नंबरच्या बट्टीवर ह्यांनी मशीन बंद केलं. आजवर आम्ही कधी तिथे थांबलो नव्हतो. हात सवयीने पुढच्या बट्टीकडे जात होता.

मशीन चालू असताना बांनी भाभींना हाक मारली आणि पलंग दाराकडे ओढायला लावला. तिथून त्या बघत होत्या. पाणी ओढून झाल्यावर दगड मंद दिसायला लागला, ताकासारखा. पट्टे होते, पण आता ओरडत नव्हते. मी दाराजवळच्या फरशीवर हात फिरवत होते.

"हवे रोटला जेवी लागे छे," बा म्हणाल्या, आणि पडल्यापासून पहिल्यांदा हसल्या. भाजलेल्या बाजरीच्या भाकरीवर असतात तसे बारीक खड्डे दिसत होते खरे.

दगड पूर्ण वाळू दिला आणि मग नवा सीलर लावला. न लावलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पिऊन दगड काळा व्हायचा. लावलेल्या जागेवर थेंब तसाच गोल बसून राहिला, पुसला की खाली कोरडं. ते सगळं छान झालं होतं. पण मला आता कोरड्या फरशीवर भरवसा नव्हता. मी बादलीभर पाणी आणून हॉलमध्ये ओतलं आणि त्यात साबण घोळला.

"काय करतेस?" भाभी ओरडल्या.

मी साडी खोचली आणि साबणाच्या पाण्यातून चालले. आधी हळू, मग भरभर, मग मुद्दाम पाय घासत. हे चालले. नात चालली, भाभींनी भिंत धरून दोन फेऱ्या मारल्या. सेठ दारात उभे होते. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, पँट पोटऱ्यांपर्यंत वर घेतली आणि पाण्यात उतरले. वजनदार माणूस, पोट सुटलेलं. न्हाणीच्या दारापासून देवघरापर्यंत गेले. वळले, परत आले. पुन्हा गेले. आम्ही सगळे कडेला झालो. किती फेऱ्या मारल्या कोण जाणे, थांबायला तयार नव्हते. शेवटी बा आतून म्हणाल्या, "बस कर, दीकरा. सरदी थशे." तेव्हा ते देवघराच्या उंबऱ्यावर बसले आणि ओले पाय तसेच ठेवून तोंडावर हात घेतला. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही. मी पाणी ओढायला घेतलं.

फरशी झाली म्हणून बा उठून चालू लागल्या, असं काही घडलं नाही. धरून चालायची चार पायांची घोडी आणली, व्यायाम करवून घ्यायला एक मुलगी येऊ लागली. बा पलंगावरून उभ्या राहायच्या, घोडी घट्ट धरायच्या आणि हॉलच्या मध्यावर यायला नकार द्यायच्या. मी त्यांना सांगितलं की साबणाच्या पाण्यातसुद्धा कुणी घसरलं नाही. "मी बघितलंय," त्या म्हणाल्या. "पाय ऐकत नाहीत." त्या भिंतीला धरून चालायच्या, नेहमी भिंतीला धरूनच. देवघरापर्यंत भिंतीने जाता येत नव्हतं, मधे सगळा हॉल होता. म्हणून सेठनी देव त्यांच्या खोलीत आणून मांडले. ज्या दिवशी देव हलवले त्या दिवशी मी तिथे होते. रिकाम्या देवघराची फरशी भाभींनी पुसून घेतली, आणि मला वाटलं, आपण काहीच दुरुस्त केलेलं नाही.

मी जातच होते. आणखी काही आठवडे गेले असतील. एका संध्याकाळी बा खुर्चीवर बसल्या होत्या, मी त्यांचे केस बांधत होते. त्या म्हणाल्या, "हवे रोज नो आवती." आता रोज येऊ नकोस.

मला वाटलं, माझे हाल होतात म्हणून म्हणतायत. मी म्हणाले, "मला काही त्रास नाही, बा. रस्त्यातच तर पडतं."

"तुला नाही. मला," त्या म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरला होता. "तू दारात दिसलीस की मला ती सकाळ आठवते. पाय दुखायला लागतो. तू चांगली आहेस. पण तुझं तोंड बघ, कसं करून येतेस. मी काय त्याचीच आठवण काढत बसू? दिवाळीला ये. सणावाराला ये. तुझ्या माणसाला घेऊन ये. पण रोज नको."

मी केस बांधून पूर्ण केले. पदराने डोळे पुसले, पण बांना दिसणार नाही असे. भाभींनी चहा दिला, तो प्यायले, आणि निघाले. रस्ताभर मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. घरी पोचेपर्यंत तो अपमान ओसरला आणि लाज उरली, कारण त्या बाईला माझंही ओझं होत होतं हे मला इतके दिवस दिसलं नव्हतं. मी आपलं मन हलकं करायला तिथे जात होते आणि त्यांना रोज थोडं जड करून येत होते.

त्यानंतर मी गेले नाही. हात रिकामे झाले, पण आतलं काही कमी झालं नाही. कामावर कुणी आरशासारखी चमक मागितली की मी विचारायची, घरात म्हातारं कोण आहे, लहान कोण आहे. लोकांना ते विचित्र वाटायचं. एकदोघांनी काम दुसऱ्याला दिलं. हे सुरुवातीला मला डोळ्यांनी दटावायचे, पुढे पुढे त्यांनी ते सोडलं.

दिवाळीला आम्ही दोघं गेलो. मी नवी साडी नेसले होते. फाटकातून पाहिलं तर बा ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसल्या होत्या, घोडी शेजारी उभी करून ठेवलेली. तिथपर्यंत त्या भिंतीच्या कडेने आल्या असणार. मधल्या काळात लग्न झालेली नात सासरहून आली होती. भाभींनी करंज्यांसारखे घुघरे आणि मठिया भरलेली ताटली आणली. बांनी ह्यांना विचारलं, तुमच्याकडे दिवाळीला काय करतात. हे म्हणाले, सांजोऱ्या. मग सांजोरी आणि घुघरा यांच्यात फरक काय यावरून बांनी ह्यांची चांगलीच उलटतपासणी घेतली. सारण कशाचं, तळायचं तुपात का तेलात, किती दिवस टिकतं. हे एका कानाने ऐकून भलतीच उत्तरं देत होते आणि सगळे हसत होते. मीसुद्धा हसले. हॉलचं दार उघडं होतं आणि आत सकाळचं ऊन फरशीवर पसरलं होतं. मी तिकडे पाठ करून बसले होते. निघताना बांनी मला आणखी दोन घुघरे हातात दिले आणि म्हणाल्या, "बीजा तारी पाडोसण माटे." शेजारणीसाठीचे ते घुघरे मी पदरात बांधले, आणि आम्ही रिक्षा शोधायला कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.